मंत्र्यांच्या दालनाला आवक नोंदवही हवी

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तलाठी कार्यालयात किंवा तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाणारा माणूस एका गोष्टीबाबत मोठा दक्ष असतो. अर्जाची दुसरी प्रत तो आठवणीने बरोबर नेतो आणि त्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का पडल्याखेरीज कचेरीची पायरी उतरत नाही. काम होईल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. परंतु अमुक दिवशी, अमुक माणसाने, अमुक मागणी केली, याचा पुरावा त्याच्या हाती असतो. पुढे अपील करायचे तर हाच आवक क्रमांक कामी येतो. राज्यकारभाराच्या अनेक जुन्या पद्धती कालबाह्य झाल्या, पण आवक-जावक नोंदवही टिकून आहे आणि ती टिकली यात सामान्य माणसाचे हित आहे.

प्रश्न असा, की वळसंगच्या शेतकऱ्याने किंवा विणकराने केलेल्या अर्जाची जशी नोंद होते, तशी एखाद्या बलाढ्य कंपनीच्या प्रतिनिधीने मंत्र्यांच्या दालनात, सचिवांच्या निवासस्थानी किंवा दिल्लीतील पंचतारांकित हॉटेलात केलेल्या मागणीची होते काय? भारतापुरते या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जगातील अनेक लोकशाही देशांनी मात्र ही नोंद कायद्याने बंधनकारक केली आहे. ते कायदे कसे चालतात, ते कोणाला लागू होतात, पाळले नाहीत तर काय होते आणि आपल्याकडे तसा कायदा नसल्याची किंमत महाराष्ट्राने कशी मोजली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

‘लॉबी’ हा शब्द विधिमंडळाच्या सभागृहाबाहेरील दालनासाठीचा. तेथे थांबून सदस्यांना गाठणारे ते लॉबिस्ट. आपल्या भाषेत या व्यवहाराला शब्दांची वाण नाही. शब्द टाकणे, वशिला लावणे, शिफारस करणे, मध्यस्थी करणे, आणि शेवटी दलाली. या एकाच माळेत सज्जनपणाने केलेल्या रदबदलीपासून उघड लाचखोरीपर्यंतचे सर्व प्रकार येतात आणि घोटाळा नेमका येथेच होतो. सरकारपुढे आपले म्हणणे मांडणे हे पाप नव्हे. तो नागरिकाचा अधिकार आहे. किंबहुना लोकशाहीत ते कर्तव्यही ठरते.

याचे उत्तम उदाहरण या गावाच्या आठवणीतून सापडते. वळसंगच्या विहिरीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव १९३७ पासून जोडलेले आहे. ते वर्ष बाबासाहेबांच्या संसदीय जीवनातही महत्त्वाचे. मुंबई प्रांताच्या विधानसभेवर ते निवडून आले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला आणि शिष्टमंडळाने पंतप्रधान बाळासाहेब खेर यांची भेट घेऊन मागण्या मांडल्या. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत.) कोण आले, कोणासाठी आले आणि काय मागितले, हे साऱ्या मुंबईने पाहिले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले, ही गोष्ट वेगळी. सरकारवर दबाव आणण्याचा हा प्रकार होता, यात शंका नाही. पण तो भर दुपारी, रस्त्यावरून चालत आणि नाव सांगून आणलेला दबाव होता.

कोकणातलीच दुसरी कथा

त्याच रत्नागिरी जिल्ह्यात पुढे सुमारे ५४ वर्षांनी दुसऱ्या प्रकारचे पाहुणे आले. १५ जून १९९२ रोजी एन्रॉन कंपनीचे पथक महाराष्ट्रात दाखल झाले आणि २० जून रोजी, म्हणजे अवघ्या पाच दिवसांत, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करार होऊनही गेला. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाची ही सुरुवात. एखाद्या गावाला विजेचे रोहित्र बदलून घ्यायला किती दिवस लागतात, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. जागतिक बँकेने एप्रिल १९९३ मध्ये हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे कळवले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करारावर सह्या झाल्या.

या साऱ्या काळात कोण कोणाला भेटले, कोणती टिपणे दिली गेली, कोणत्या आक्षेपाला कोणी उत्तर दिले, याची सलग नोंद महाराष्ट्रातील नागरिकाला उपलब्ध नव्हती. जी माहिती मिळाली ती परदेशातून. जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष देताना एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी सांगितले, की भारतातील या प्रकल्पाचा पाया घालताना संबंधितांच्या ‘शिक्षणावर’ आणि प्रकल्प-विकासाच्या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साठ कोटी रुपयांहून अधिक होते. कोणाचे शिक्षण झाले? शिक्षक कोण होते? वर्ग कुठे भरले? हे प्रश्न विधिमंडळात, न्यायालयांत आणि रस्त्यांवर विचारले गेले. कंपनीने गैरव्यवहाराचा आरोप नाकारला. लाच दिली गेल्याचे सिद्ध झाले नाही. पण ती दिली गेली नव्हती हे दाखवू शकेल असा कागदही कोणाच्या हाती नव्हता. नोंदच नसेल, तर दोषी सुटतो हे खरे. पण निर्दोष माणसालाही आपली बाजू सिद्ध करता येत नाही, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

येथे आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकांगी होईल. एन्रॉन समुद्रात बुडवू, अशी घोषणा करून युतीचे सरकार १९९५ मध्ये सत्तेवर आले. गोपीनाथराव मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने प्रकल्पाची चिकित्सा केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द केल्याचे जाहीर केले. नंतर कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत आल्या, वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच युती सरकारने सुधारित कराराला मान्यता दिली. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने राजीनाम्याच्या आदल्या दिवशी या प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये जे राज्याच्या हिताविरुद्ध होते, ते पाच-सहा महिन्यांत हिताचे कसे झाले? कदाचित सुधारित करार खरोखर चांगला असेल, असेही तेव्हा सांगितले गेले. परंतु मध्यंतरीच्या भेटीगाठींची नोंद नसल्यामुळे ज्या कार्यकर्त्यांनी गावोगाव एन्रॉनविरोधी सभा घेतल्या, त्यांच्यापाशी लोकांना द्यायला उत्तर उरले नाही. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. महागड्या विजेमुळे मंडळ टेकीला आले, माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले, मेअखेरीस प्रकल्प बंद पडला आणि २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नियम काय म्हणतात

अमेरिकेत लॉबिंगच्या नोंदणीचा पहिला व्यापक कायदा १९४६ चा. तो इतका सैल होता, आणि १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ इतका संकुचित केला, की बहुसंख्य लॉबिस्टांना नोंदणीची गरजच भासेना. सध्याचा मुख्य कायदा १९९५ चा आहे. त्यानुसार ज्याला या कामाचा मोबदला मिळतो, जो एकाहून अधिक वेळा कायदेमंडळाच्या वा प्रशासनाच्या वरिष्ठांशी संपर्क साधतो आणि तीन महिन्यांच्या काळात त्या ग्राहकाच्या कामातील किमान २० टक्के वेळ ज्याचा लॉबिंगवर जातो, तो लॉबिस्ट ठरतो. अशा व्यक्तीच्या संस्थेने ४५ दिवसांच्या आत नोंदणी करायची. ग्राहक कोण, विषय कोणता, कोणत्या सभागृहाशी वा खात्याशी संपर्क झाला, पैसा किती मिळाला वा खर्च झाला, हे दर तिमाहीला लिहून द्यायचे. जॅक ॲब्रामॉफ नावाच्या बड्या लॉबिस्टाचे प्रताप २००६ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले, तेव्हा २००७ मध्ये नियम कडक झाले. सहामाही विवरणाची तिमाही झाली, राजकीय देणग्यांचा तपशील वर्षातून दोनदा देणे आवश्यक झाले, दंडाची मर्यादा दोन लाख डॉलरपर्यंत नेली गेली आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कारावास आला. परकीय सरकारे, पक्ष वा संस्था यांच्यासाठी काम करणाऱ्यांना १९३८ पासूनच वेगळा आणि अधिक कडक कायदा आहे. त्यात नोंदणीची मुदत अवघी दहा दिवसांची.

या नोंदवहीमुळेच डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत वादळ उठले. वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे आणि त्या विषयांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचाही समावेश असल्याचे तिच्याच विवरणपत्रांत होते. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला सप्टेंबरमध्येच मान्यता मिळालेली. छोट्या व्यापाऱ्याच्या मुळावर येणाऱ्या त्या निर्णयाविरुद्ध विरोधी पक्षांनी रान उठवले. सरकारने जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. तिच्या हाती ठोस काही लागले नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. ती संपूर्ण रक्कम भारतासाठी नव्हती. अमेरिकेतील अनेक विषयांची ती एकत्रित बेरीज होती. विषयवार फोड तो कायदा मागत नाही. तथापि भारतीय बाजारपेठेसाठी झालेल्या प्रयत्नांची कुणकुण भारतीय संसदेला वॉशिंग्टनमधील दप्तरातून लागावी, याला काय म्हणावे?

ब्रिटनचा २०१४ चा कायदा यापेक्षा तोकडा आहे. तो केवळ दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या सल्लागार लॉबिस्टांना लागू होतो. कंपनीचा पगारी अधिकारी मंत्र्याला भेटला, तर त्याला नोंदणी नाही. जर्मनीची नोंदवही १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. तीत कामगार संघटनांना त्यांच्या कामकाजाच्या मर्यादेत आणि धर्मसंस्थांना सूट आहे.

अभ्यासाला सर्वांत योग्य वाटतो तो आयर्लंडचा कायदा. तेथे नोंदणी १ सप्टेंबर २०१५ पासून सुरू झाली. कसोटी तीन प्रश्नांची आहे. बोलणारा कायद्याच्या कक्षेतील आहे काय, ज्याच्याशी तो बोलला तो यादीतील लोकप्रतिनिधी वा अधिकारी आहे काय, आणि विषय धोरण, कायदा वा सरकारी निधीचा आहे काय? तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील, तर वर्षातून तीनदा, २१ जानेवारी, २१ मे आणि २१ सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र भरायचे. विलंब झाला तर २०० युरो भरावे लागतात. दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्था, तसेच पगारी कर्मचारी ठेवून धोरणविषयक काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही कक्षेत येतात. मात्र आपल्या घराविषयी वा खासगी कामाविषयी लोकप्रतिनिधीला भेटणाऱ्या सामान्य नागरिकाला कोणतेही बंधन नाही. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात आणखी धार आणली. पदावरून उतरलेल्या मंत्र्याने वा बड्या अधिकाऱ्याने एक वर्ष जुन्या सहकाऱ्यांकडे लॉबिंग करायचे नाही, हा नियम मोडल्यास २५ हजार युरोपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत बंदी. ही दुरुस्ती झाली तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर होते, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. मराठी माणसाच्या कारकिर्दीत तिकडे झालेली ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणी वाचली नाही.

आपल्याकडे

भारतात लॉबिंगला मान्यता देणारा कायदा नाही आणि त्यावर सरसकट बंदीही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये आलेले कलम ७-अ म्हणते, की भ्रष्ट वा बेकायदा मार्गाने किंवा वैयक्तिक प्रभाव वापरून लोकसेवकाकडून काम करून देण्यासाठी अनुचित लाभ घेणाऱ्याला तीन ते सात वर्षे कारावास. ‘वैयक्तिक प्रभाव’ कुठे संपतो आणि प्रामाणिक प्रतिपादन कुठे सुरू होते, याची रेषा कायदा आखत नाही. परिणाम असा, की या व्यवसायातील माणसे स्वतःला लॉबिस्ट म्हणवतच नाहीत. ती ‘धोरण सल्लागार’ असतात किंवा ‘जनसंपर्क तज्ज्ञ’ असतात. नीरा राडिया यांच्या ध्वनिफिती २०१० मध्ये बाहेर आल्या, तेव्हा मंत्रिपदे आणि दूरसंचार खाते यांविषयीची संभाषणे देशाने ऐकली, तीही प्राप्तिकर खात्याने फोन टॅप केले होते म्हणून.

नोंदणीचा एक प्रयत्न आपल्याकडे झाला, तो संरक्षण खरेदीत. तहलका प्रकरणानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये, अटलजींच्या सरकारच्या काळात, परदेशी पुरवठादारांच्या प्रतिनिधींनी संरक्षण मंत्रालयाकडे नोंदणी करावी, दलालीचा तपशील उघड करावा, असे नियम जारी झाले. प्रतिसाद नगण्य होता. दलाल नाहीसे झाले असे नव्हे. नाव लिहायला ते तयार नव्हते, इतकेच. केवळ नियम करून भागत नाही. आयर्लंडप्रमाणे तारीख, दंड आणि तपासणारी स्वतंत्र यंत्रणा हवी, हा धडा त्यातून घ्यावा. पुढे ओडिशाचे खासदार कलिकेश सिंहदेव यांनी २०१३ मध्ये लॉबिंगची माहिती उघड करण्यासाठी खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकाचा कायदा १९७० नंतर झालेलाच नाही, त्यामुळे त्याचेही काही झाले नाही.

हा विषय दिल्ली-मुंबईच्या बड्यांचा आहे, असे येथे कोणाला वाटत असेल, तर सोलापूर परिसरातील विडी कामगार भगिनींकडे पाहावे. तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग आरोग्यविषयक इशाऱ्याने व्यापावा, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली. १ एप्रिल २०१५ पासून तिची अंमलबजावणी व्हायची होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली गेली. लोकसभेच्या ज्या समितीने सरकारला थांबण्यास सांगितले, तिचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते आणि सदस्यांत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, जे स्वतः विडी उद्योजक होते. दोघेही भाजपचे. अखेर १ एप्रिल २०१६ पासून इशारा लागू झाला. या वर्षभरात विडी कामगारांच्या रोजीरोटीचा मुद्दा वारंवार पुढे केला गेला. तो मुद्दा खोटा नव्हता. दिवसभर पाने कातरून विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, तर तिच्या घरी चूल पेटत नाही. परंतु तिच्या नावाने नेमके कोण बोलत होते, त्या बोलण्याचा खर्च कारखानदार करत होते की कामगार संघटना, हे कुठेच लिहिलेले नाही. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा नियम आहे. सदस्यांना भेटणाऱ्यांच्या हितसंबंधांची मात्र कोणतीच नोंद नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. सोलापूरला त्याचा आनंद झाला असेल, तर तो स्वाभाविक आहे. मात्र त्यासाठी कोणी, कधी, काय मांडले, हे याही वेळी त्या भगिनींना कुठे वाचायला मिळणार नाही.

आता एक अवघड प्रश्न. असा कायदा भारतात झाला, तर तो आपल्याही संघटनांना लागू होईल काय? मजूर, शेतकरी, विद्यार्थी, ग्राहक या क्षेत्रांत काम करणारे कार्यकर्ते मंत्र्यांना निवेदने देतात, भेटतात, धोरण बदलण्याचा आग्रह धरतात. अमेरिकेच्या कसोटीने मोबदला न घेणारा कार्यकर्ता लॉबिस्ट ठरत नाही. आयर्लंडच्या कसोटीने पगारी कर्मचारी असलेल्या संघटनेला विवरणपत्र भरावे लागेल. त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या नोंदवहीत एका लॉबिंग संस्थेच्या विवरणात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव असल्याचे वृत्त झळकले, तेव्हा संघाने अमेरिकेत अशी कोणतीही संस्था नेमलेली नाही, असे अखिल भारतीय प्रचारप्रमुख सुनील आंबेकर यांनी लगेच स्पष्ट केले. आरोप लिखित होता, तारखेसह होता, म्हणून त्याचे उत्तरही नेमके देता आले. कुजबुजीला असे उत्तर देता येत नाही.

कायदा होईपर्यंत हाती काहीच नाही, असेही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार महत्त्वाचे धोरण ठरवताना त्यामागील सर्व प्रस्तुत तथ्ये सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहेत. फेब्रुवारी २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार नव्या कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवायचा आहे. आलेल्या सूचना कोणाच्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. या दोन्ही गोष्टींचा वापर व्यापारी महासंघ करतात, मोठ्या कंपन्यांचे वकील करतात. तालुक्याच्या गावातून असे अर्ज क्वचितच जातात.

गेल्या वर्षापासून, म्हणजे २०२५ पासून, मुंबईत मंत्रालयाच्या दारावर चेहरा ओळखणारी यंत्रे बसली आहेत. वळसंगहून कामासाठी गेलेल्या माणसाचा चेहरा टिपला जातो, कोणत्या विभागात जायचे ते विचारले जाते आणि परवाना मिळाला असेल त्याच मजल्यावर त्याला जाता येते. सुरक्षेसाठी हे आवश्यक असेल. म्हणजे दारापर्यंतची नोंद आता पक्की झाली. आत कोणी कोणासाठी काय मागितले आणि त्यासाठी कोणी किती पैसे मोजले, हे लिहून घेणारी वही तेवढी अजून कोणी उघडलेली नाही.